चुंबकाच्या खुर्चीत आक्का

प्रिय आक्का,

जयभीम. तू जाऊन तीन महिने झाले आणि मागच्या आठवड्यात पुण्याहून माझ्या पत्त्यावर तुझ्या नावानं पत्र आलं. डॉक्टर मॅडमचं. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं गं! आत एक छापील कागद होता. झोप किती तास लागते? दचकून जाग येते का? पाण्याजवळ जाता येतं का? इथं साखर कारखान्याच्या ऑफिसात टेबलाशी उभ्यानंच वाचला. मॅडमना चार ओळींत उत्तर लिहून टाकलं. कावीळ झाली, नगरला आठ दिवस दवाखान्यात होती, गेली. पण त्या चार ओळींत तू कुठं होतीस? म्हणून हे तुला.

आधी काय आठवतं सांगू? दोन हंडे डोक्यावर, एक कमरेवर आणि तरी माझ्याशी बोलत चालणारी तू. पाथर्डीकडचं आपलं गाव, उन्हाळ्यात आडात वाटीनं पाणी भरायला लागायचं. तू म्हणायचीस, "बाळू, मी मास्तरीण होनार अन् जितं लई पानी आसंल तितंच नोकरी मागनार." आणि खरंच मिळाली की! अकोले तालुक्याच्या डोंगरात, धरणाच्या फुगवट्याकाठची शाळा.

तुझी पहिली पत्रं मी अजून ठेवलीत. "इथं भात लावतात, बायका गुडघाभर चिखलात गाणी म्हणतात, मी पण शिकले." पुढच्या पत्रात, "बाळू, मला पोहता येतं!" दादांनी ते पत्र गावात चौघांना वाचून दाखवलं. आपल्या वस्तीत पोहता येणारी बाई कुणी पाहिली होती?

तुला पोहता येत होतं म्हणून तर चार पोरी वाचल्या. आणि पोहता येत होतं म्हणूनच तू स्वतःला माफ केलं नाहीस.

तो दिवस मला तुझ्याकडून तुकड्यातुकड्यानं कळला. पाच मुलींना तालुक्याच्या धावण्याच्या स्पर्धेला न्यायचं होतं. पावसाळ्याचे दिवस. जीप वळणावर घसरली आणि फुगवट्यात गेली. ड्रायव्हर काच फोडून बाहेर पडला, माणसं बोलवायला पळाला. तू एकेक करत चौघींना काठाला आणलंस. पाचवी तारा. नऊ वर्षांची. ती मिळाली दुसऱ्या दिवशी.

लोकांनी तुझा सत्कार ठरवला होता. तू त्या सकाळी एसटीत बसलीस आणि थेट घरी आलीस.

मग काय काय बघितलं आम्ही! नळीतून पाणी पडल्याचा आवाज झाला की तू कानांवर हात ठेवून भिंतीला टेकायचीस. अंघोळ म्हणजे ओल्या फडक्यानं अंग पुसणं. तांब्या तोंडाला लावायची नाहीस, वाटीतून घोट घोट प्यायचीस. झोप नाहीच. रजा संपली, गावाजवळच्या शाळेत बदली मिळाली, पण टँकर आला की सगळं गाव टँकरकडं धावायचं आणि तू एकटी उलट्या दिशेनं, शेताकडं. पोरं हसायची. मास्तरीण बाई पाण्याला भितीया!

आईला वाटलं, धरणातलं काहीतरी लागलं पोरीला. देवऋषीकडं न्यायचं म्हणून तिनं पिशवी भरली, तेव्हा दादा दारात आडवे उभे राहिले.

"छप्पन साली समदं सोडलं आपुन. आन् आता माझ्या शिकल्याल्या पोरीला लिंबू उतरवायला नेतीस व्हय?"

"मग काय करू?" आई रडत म्हणाली. "तुमच्या सोडन्यानं तिला झोप यील का?"

दादा दारातून हलले नाहीत. मग मी शहाणपणा केला. आक्का, हे लिहायला हात धजत नाही. भीती मोडायची म्हणून मी तुला आडावर नेलं. तू नको नको म्हणत होतीस आणि मी मनगट धरून ओढत होतो. एवढी शिकलेली तू, असं कसं करतीस, म्हणालो. काठावर तू गुडघ्यावर बसलीस, ओकलीस आणि माझा पाय घट्ट धरून ठेवलास. बाया घागरी ठेवून बघत राहिल्या. तू मला त्याबद्दल एका शब्दानं बोलली नाहीस. का गं नाही बोललीस? एक थोबाडीत तरी द्यायचीस!

त्यानंतर नगरचे डॉक्टर झाले. त्यांनी पहिल्यांदा सांगितलं की हा आजार आहे, वेड नाही आणि भित्रेपणाही नाही. मोठ्या धक्क्यानंतर मेंदूतली भीतीची घंटा वाजायची थांबतच नाही, म्हणाले. गोळ्यांनी तू झोपायला लागलीस, पण "डोकं कापसागत झालंय," म्हणायचीस. दोन वर्षं अशी गेली. शेवटी त्यांनीच चिठ्ठी दिली. पुण्यात एक डॉक्टर बाई चुंबकाच्या यंत्रानं असे आजार बरे होतात का, ते पाहत होत्या.

अठ्ठ्याण्णवचा उन्हाळा होता. एसटीत तू एकच प्रश्न विचारलास, "शॉक देतात का रे?" मी म्हणालो, नाही. मला तरी काय माहीत होतं!

मॅडम वयानं तुझ्याएवढ्याच. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, "हे नवीन आहे. गुण येईलच असं मी सांगू शकत नाही. भूल नाही, शॉक नाही, तुम्ही जाग्याच राहाल. नको वाटलं तर कधीही उठून जा." मग आठच्या आकड्यासारखं ते काळं वेटोळं त्यांनी आधी स्वतःच्या डोक्यावर धरलं. टक्‌ झालं आणि त्यांचा अंगठा आपोआप उडाला. पुन्हा टक्‌, पुन्हा अंगठा. आणि आक्का, तू हसलीस! चार वर्षांनी. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिलो.

कानातली फुलं आणि केसातल्या पिना काढून माझ्या हातात दिल्यास आणि त्या खुर्चीत बसलीस. कानात बोळे. कपाळाच्या उजव्या अंगाला ते वेटोळं, आणि टक्‌, टक्‌, टक्‌, एका लयीत वीसेक मिनिटं. बाहेर आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? तू म्हणालीस, "कोंबडी डोक्यावर दानं टिपतीया असं." डोकं जरा दुखलं त्या दिवशी, बाकी काही नाही.

रोज यंत्र झालं की मॅडम तुला बोलायला लावायच्या. पाच दिवस तू शाळेचं, भाताचं, माझ्या लग्नाचं बोललीस. सहाव्या दिवशी तू मलाही आत थांबायला सांगितलंस.

"ताराचा हात माझ्या हातात होता," तू म्हणालीस. "मला श्वास पुरंना. मी हात सोडला. तिचा सुटला न्हाई मॅडम, मी सोडला."

मी तुझा सख्खा भाऊ. चार वर्षं तू हे एकटीनं उरात धरून ठेवलं होतंस आणि मी तुला आडावर ओढत होतो!

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "वर येऊन श्वास घेतला. मग काय केलंत?"

"परत बुडी मारली."

"किती वेळा?"

"ध्यानात न्हाई. लोकांनी वढून काढस्तोवर."

"सुमनबाई, हेही त्याच दिवशी घडलं. हे का आठवत नाही तुम्ही?"

तू रडलीस, आणि ते रडणं वेगळं होतं. मोकळं.

नवव्या दिवशीचं सांगतो, ते तुलाही माहीत नाही. आपण उतरलो होतो त्या धर्मशाळेत सकाळी मी व्हरांड्यात पेपर वाचत बसलो होतो. मोरीचा नळ सुरू झाल्याचा आवाज आला. बादली भरली, वाहू लागली, तरी नळ चालूच. मग तांब्यानं पाणी अंगावर घेतल्याचा आवाज, एकामागून एक. व्यवस्थापक ओरडत आला, "अहो, कोण आहे आत? टाकी रिकामी करता का?" मी त्याचे हात धरले. म्हणालो, काका, पाया पडतो, करू द्या तिला रिकामी. त्याला काय वाटलं असेल कुणास ठाऊक! पण गेला बिचारा.

आक्का, यंत्रानं गुण आला की बोलण्यानं, मला आजही सांगता येत नाही. मॅडमही ठामपणे सांगत नव्हत्या. आणि सगळं गेलं असंही नाही. पहिल्याच पावसाळ्यात तू पुन्हा दचकायला लागलीस, पुन्हा पाच दिवस पुण्याला जावं लागलं. पण तू टँकरपाशी उभी राहायला लागलीस. रांगेत पोरांना शिस्त लावायचीस. आईचे केस धुऊन द्यायचीस. रविवारी स्वतःचे.

आणि मग म्हणालीस, "बाळू, मला ताराच्या आईकडं जायचंय."

मी नको म्हणालो होतो. तू ऐकलं नाहीस, बरं झालं. आपण त्या घरी पोचलो तेव्हा ती बाई अंगणात भात पाखडत होती. तिनं तुला ओळखलं, सूप खाली ठेवलं.

"लई उशीर केला बाई," ती म्हणाली. "आमी वाट बगत हुतो."

तू तिला सगळं सांगितलंस, हात सोडल्याचंही. मी घाबरलो होतो, आता ही काय करते! तिनं सुपातले दाणे हातानं सारखे केले. मग म्हणाली, "माझीच का ऱ्हायली, हे मी रोज इच्यारते. पन तुमास्नी न्हाई इच्यारत. त्या चार पोरी रोज माझ्या दारावरून साळंत जात्यात." मग तिनं आपल्याला जेवायला बसवलं. नवा तांदूळ होता. ती तुला वाढत होती आणि तू खात होतीस, दोघीही डोळे न पुसता.

त्यानंतरचं वर्ष तुझं होतं. किती थोडं मिळालं गं! काविळीनं आठ दिवसांत तुला नेलं. एवढं सगळं पार करून आलीस आणि काविळीपुढं? राग येतो मला. कुणावर काढू?

आता एक नवीन सांगतो. इथं कोपरगावला कारखान्याच्या तळावर मागच्या महिन्यात ऊसतोड्यांच्या चार कोप्या, त्या पाचटाच्या झोपड्या, जळाल्या. जीव कुणाचा गेला नाही, पण एक बाई तान्ह्या लेकराला घेऊन आगीतून बाहेर आली, ती तेव्हापासून चूल पेटवत नाही. कुणी काडी ओढली तरी किंचाळते. तळावर सगळे तिला लागीर झालंय म्हणतात. नवरा तिला मांत्रिकाकडं न्यायला निघाला होता.

मी गेलो. कोपीपासून लांब, झाडाखाली, तिच्यासमोर बसलो. म्हणालो, "बाई, तुम्हाला लागीर झालेलं नाही. माझ्या बहिणीला असंच झालं होतं." तिनं मान वर केली. पहिला प्रश्न तिनं काय विचारला असेल?

"मग ती आता निजती का?"

मी तुझं जाणं तिच्यापासून लपवलं नाही. पण म्हणालो, शेवटची दोन वर्षं निवांत झोपायची. नवऱ्याशी तीन दिवस बोललो, मुकादम त्यांना सोडत नव्हता, त्याच्याशी भांडलो, स्वतःची रजा मंजूर करून घेतली. पुण्याला मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "घेऊन या. बघू या. खात्री देत नाही."

सोमवारी सकाळच्या एसटीनं आम्ही निघतोय, ती, तिचं लेकरू, नवरा आणि मी. तुला शब्द देतो आक्का, गुण येवो न येवो, तिला मी अर्ध्यावर सोडणार नाही. तळावर सगळे तिला "ती कोपीवाली" म्हणतात. काल मी तिला नाव विचारलं. कांता म्हणाली, आणि मग जरा मोठ्यानं, पुन्हा एकदा, कांता.

तुझा,
बाळू