आधी बाळ आलं, मग पान

तीर्थस्वरूप आत्यास,

जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. (पूर्ण वाकलो तर पुन्हा सरळ व्हायला कोणाला तरी हाक मारावी लागते, म्हणून उरलेला नमस्कार मनातल्या मनात करतोय, तो धरून घे.) तुझा गुडघा कुरकुरत नसेल आणि नव्या घरात कुठलं बटण दाबलं की कुठला दिवा लागतो हे आतोबांना एव्हाना पाठ झालं असेल, अशी आशा आहे. आम्ही इकडे ठीक. म्हणजे घरातली माणसं ठीक आहेत. मी नुसताच आहे.

तू घर बदललंस त्या दिवशी झाडून सगळे भाचे-पुतणे हजर होते आणि मी तेवढा उगवलो नाही, हे तू हिच्याजवळ बोललीस. त्याला कपाट उचलायचं जिवावर आलं असेल, असंही म्हणालीस म्हणे. आत्या, कपाट उचलायला मिळालं असतं तर मी आनंदाने उचललं असतं. कपाट एक असतं, ते इथून तिथे न्यायचं असतं, आणि एकदा नेलं की ते तिथेच राहतं. माझ्या धंद्यात इतकं सुख कोणाच्या नशिबी नाही. तेव्हा काय झालं ते पहिल्यापासून सांगतो. लांबण लागेल, पण तुला आता खिडकीजवळ बसायला ऐसपैस जागा झालीये असं ऐकतो.

आमच्याकडे एक काम आलं होतं. पाठ, मान, सांधे धरलेल्या लोकांकडून व्यायाम करून घेणारा एक दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरीणबाईंना इंटरनेटवर एक पान हवं होतं: पेशंटने ते उघडावं, रिकामी वेळ बघावी, बटण दाबावं, वेळ पक्की. बस्स. आजवर हे काम काउंटरवरची मुलगी फोनवर करायची, आणि फार छान करायची. पण ती आता बाळंतपणाच्या रजेवर जाणार होती. तिच्या जागी दुसरं माणूस मिळेना, आणि मिळालं तरी दुखऱ्या माणसांशी दिवसभर गोड बोलणं सगळ्यांना जमत नाही. म्हणून ती रजेवर जायच्या आत पान चालू व्हायला हवं, एवढी एकच अट. आमच्या साहेबांनी ती हसत हसत मान्य केली. (साहेब सगळंच हसत हसत मान्य करतात. रडायला आम्ही आहोत.)

आता तुला वाटेल, एक पान करायचं, त्यात घोडं कुठे अडलं? सांगतो. बटण दाबल्यावर पानावर काहीतरी घडायला हवं ना, ते घडवून आणणाऱ्या भाषेचं नाव जावास्क्रिप्ट. पण सगळं स्वतः लिहीत बसायला नको म्हणून जगभरातले लोक आपण लिहिलेल्यातलं बरंच काही तयार करून फुकट ठेवतात, त्याला म्हणतात लायब्ररी. तू म्हणशील, मग बरंच की. बरंच असतं गं, एकच असती तर. त्या हजारो आहेत, रोज नव्या जन्माला येतात, आणि प्रत्येकीच्या दारावर लिहिलेलं असतं की बाकीच्यांपेक्षा आम्ही सोप्या. काम सुरू करण्याआधी त्यातली एक निवडावी लागते. आत्या, मी घर आठवड्याभरात पसंत केलं, बायको तासाभरात पसंत केली (तिने मला पसंत करायला जास्त वेळ घेतला, तो भाग वेगळा), पण लायब्ररी निवडणं हे काही माझ्याच्याने होत नाही.

आमच्या खोलीत आम्ही तिघं. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, एसीचं पाणी टेबलाखालच्या बादलीत ठिबकतं. डावीकडे बसतो त्याला आम्ही नवलाई म्हणतो. रोज सकाळी तो आनंदाने फुललेला येतो, कारण रात्रीतून कुठेतरी एखादी नवी लायब्ररी निघालेली असते. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, याचे चार. पाचव्या दिवशी तो त्याच लायब्ररीबद्दल असं बोलतो की जणू तिने त्याला फसवलंय. उजवीकडे आजोबा. वयाने माझ्यापेक्षा लहान आहे, पण कपाळाला आठ्या घेऊनच जन्मला असावा. त्याचा एका जुन्या लायब्ररीवर जीव. तिच्यात सगळं आहे, फक्त ती लिहिणाऱ्या गृहस्थाने हा धंदा सोडून शेळ्या पाळायला घेतल्यात, त्यामुळे काही बिघडलं तर विचारायचं कोणाला हा प्रश्न. (मी त्या गृहस्थाचा फोटो पाहिला. शेळीला जवळ घेऊन उभा आहे. इतका तृप्त माणूस मी आमच्या धंद्यात अजून पाहिलेला नाही.)

दोघांचं पटेना तेव्हा साहेबांनी समिती नेमली आणि मला अध्यक्ष केलं, कारण मला स्वतःचं मत नाही असा माझा लौकिक आहे. तो खरा आहे. फळ्यावर मोठा तक्ता काढला: कुठली लायब्ररी हलकी, कुठली वेगवान, कुठली किती लोक वापरतात, उद्या आम्ही नसलो तर कोण सांभाळेल. सगळ्यांना गुण दिले. बेरीज केली तर पहिल्या तिघी सारख्याच. मग गुण कसे द्यायचे यावर वाद. तो मिटवून एकदाची एक निवडली, तर कळलं की तिच्याबरोबर टूलही निवडायची असतात. एक टूल सगळं लिहिलेलं गोळा करून गाठोडं बांधतं, एक चुका दाखवतं, एक ओळी नीट मांडतं, आणि एक बाकीच्यांचं एकमेकांशी जमतंय का ते बघतं. प्रत्येकाचे पुन्हा चार-चार प्रकार. एक ना धड, भाराभर चिंध्या.

ओळी मांडणाऱ्या टूलवरून तर कहरच झाला. ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा की नाही, हे त्या टूलला आधी सांगून ठेवावं लागतं. आजोबा म्हणाला, द्यायचाच. नवलाई म्हणाला, हल्ली कोणी देत नाही. त्यावरून दोघांनी बोलणं टाकलं. टेबलं एकमेकांना चिकटलेली, आणि निरोप माझ्यामार्फत. त्याला सांगा पंखा बंद कर. त्याला सांगा, थंडी वाजते तर स्वेटर आण. मी सांगायचो. अध्यक्षाला दुसरं काम तरी काय होतं?

त्यात एक दिवस महिन्याचे दिवस दाखवणारा चौकोन हवा म्हणून एक छोटीशी लायब्ररी उतरवून घेतली. एका पाहुण्याला बोलवावं आणि त्याने चुलत, मावस, आते, मामे सगळा गोतावळा घेऊन यावं, तसं झालं. बघता बघता शेकडो लायब्रऱ्या आल्या. त्यातली एक फक्त दिलेला आकडा सम आहे की विषम ते सांगते. मी म्हटलं, हे मलाही सांगता येतं. नवलाई म्हणाला, पण तुम्ही दर वेळी बरोबर सांगाल याची खात्री काय? त्याचंही बरोबर होतं.

असे दिवस जात होते आणि एका दुपारी डॉक्टरीणबाई काम कुठवर आलं ते बघायला आल्या. बरोबर ती काउंटरवरची मुलगीही होती. तीन मजले चढून आलेली, धाप लागलेली. नवलाईने तिला आपली खुर्ची दिली (तो मनाने फार चांगला आहे). मग आम्ही पान दाखवलं. पानावर एक गोल फिरत होता. तो छान फिरत होता, आणि तो फिरवायला चार टूल कामाला लागली होती. डॉक्टरीणबाई बराच वेळ त्या गोलाकडे बघत राहिल्या. त्या मुलीने विचारलं, "यात वेळ कुठून घ्यायची?"

"ते शेवटी येतं," नवलाई म्हणाला. "आधी पाया पक्का करतोय."

ती अजिबात रागावली नाही. पोटावर हात ठेवून सावकाश उठली आणि म्हणाली, "मग बाळ आधी येईल."

आणि आलं गं. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या बरंच आधी, आम्ही पाया पक्का करत असतानाच. तू घर बदललंस त्याच्या आदल्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. मी अभिनंदन केलं. त्या म्हणाल्या, "पान झालं नाही, तर माणूस पाठवा." एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. नवलाई कानात गाणी असल्याशिवाय माणसांसमोर उभा राहू शकत नाही. आजोबा फोनवर 'हॅलो' म्हणाला तरी समोरच्याला आपण काही गुन्हा केलाय असं वाटतं. राहिलो मी. म्हणून, आत्या, तुझी कपाटं हलत होती तेव्हा मी दवाखान्याच्या काउंटरमागे एका बाजूला कलणाऱ्या खुर्चीत बसून फोन उचलत होतो. एका गृहस्थांची मान धरलेली. त्यांना सकाळची वेळ हवी, पण फार सकाळची नको, आणि उन्हाचीही नको. एक आजी रोज फोन करून आपली वेळ ठरलेली आहे ना एवढंच विचारतात. ती आठवड्याने असते. दोन बायकांना एकाच वेळी शेजारशेजारच्या खाटा लागतात, कारण त्या व्यायामाला येतात की गप्पांना हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नाही. पहिल्या दिवशी मी एकाच वेळेला तिघांना बोलावून बसलो. तिघंही आले. तिघंही दुखणाईत, त्यामुळे उठून भांडायची ताकद कोणाला नव्हती, म्हणून निभावलं. पण तिघांनी बसल्या जागेवरून माझ्याकडे जे बघितलं ते विसरवत नाही.

दोन फोनांच्या मध्ये जरा उसंत मिळे. लॅपटॉप होताच. विचारायला नवलाई नव्हता, अडवायला आजोबा नव्हता, फळा नव्हता. मी आपलं सुरुवातीच्या दिवसांत शिकलो होतो तसं साधं जावास्क्रिप्ट लिहायला घेतलं. लायब्ररी नाही, टूल नाही. वर वार, खाली तास, जो तास भरला तो काळा, जो रिकामा तो पांढरा, आणि एक बटण. अर्धविराम हाताला येतील तिथे दिले, नाही आले तिथे राहिले. दिसायला पान म्हणजे सरकारी भिंत. पण आठवडा संपता संपता ते चालू झालं.

मानेचे गृहस्थ समोरच्या बाकावर बसले होते. त्यांनाच म्हटलं, जरा बघता का. त्यांनी मोबाइल डोळ्यांच्या रेषेत धरला (मान खाली जात नाही ना), एक पांढरा तास दाबला, बटण दाबलं, आणि काउंटरवरचा फोन वाजला नाही. एवढंच घडलं, आत्या. फोन वाजला नाही. मला काय वाटलं ते लिहून सांगता येणार नाही. मी उगाच उठून पाणी पिऊन आलो. डॉक्टरीणबाईंनी पान बघितलं आणि म्हणाल्या, "एवढंच तर हवं होतं." यात शाबासकी किती आणि चपराक किती याचा हिशेब मी अजून केलेला नाही. संध्याकाळी त्या मुलीने घरून पान उघडून पाहिलं, बाळ एका हातावर घेऊन दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने. फोन करून बटण जरा मोठं करा म्हणाली. केलं. तिकडून बाळ रडत होतं, खणखणीत.

पुढच्या सोमवारी मी आमच्या खोलीत परतलो. जरा ताठ मानेनेच गेलो म्हण ना. नवलाई आणि आजोबांनी मी लिहिलेलं उघडलं आणि दोघं एकत्र वाकून वाचू लागले. वाचता वाचता त्यांचा अबोला सुटला. हे असं ठेवता येणार नाही, असं आजोबा नवलाईला थेट म्हणाला. लाज वाटते, असं नवलाई म्हणाला. इतकं त्यांचं कधी जमलेलं मी पाहिलं नव्हतं. पान रोज बिनबोभाट चाललंय, पेशंट वेळा घेतायत, पण ते नीट पद्धतीने पुन्हा लिहायला हवं असं दोघांनी साहेबांना पटवलं. साहेब हसले. कुठल्या लायब्ररीत लिहायचं ते ठरवायला समिती नेमली आहे. अध्यक्ष कोण ते तू ओळखलंच असशील. फळा पुसून ठेवलाय.

तर अशी हकिगत. रागावू नकोस. आतोबांना नमस्कार, लहानांना पापे, आणि तुझ्या नव्या घराच्या भिंतींना माझ्यातर्फे हात लाव. त्या एका जागी उभ्या राहतात, याचं कौतुक दुसरं कोणी करणार नाही.

तुझा,
दमलेला भाचा

ता. क. खरं म्हणजे पत्र लिहिण्याचं कारण राहूनच गेलं. तुझ्या लोकरीच्या दुकानातला माणूस सोडून चाललाय असं ही म्हणत होती. ती जागा मला देशील का? मी लोकर वजन करीन, गुंडे रचीन, गिऱ्हाइकाने निळा मागितला की निळा देईन. पगाराचं तू म्हणशील ते. हिला अजून सांगितलेलं नाही.

ता. क. २. दुकानाची कल्पना यावी म्हणून तुझ्या दुकानाचं इंटरनेटवरचं पान सहज उघडून बघितलं. आत्या, ते कोणी केलंय? आत जे काही लिहिलंय ते माझ्याच्याने बघवेना. तुझ्या लेकीकडून, म्हणजे ताईकडून, पासवर्ड घेतला आणि नव्याने करायला बसलो. दोन लायब्रऱ्या समोर आहेत, दोन्ही फार चांगल्या आहेत, निवड झाली की काम दोन दिवसांचं. तोवर जुनं पान इंटरनेटवरून काढून ठेवलंय. दुकान चालू असल्याची पाटी तेवढी दारावर मोठी लाव.