कोपऱ्यातलं देवधान

माय, काल आपल्या गावच्या तळ्यावर गेले होते. देवधान कमरेइतकं वाढलं आहे. पाणकोंबड्या त्यात शिरतात आणि दिसेनाशा होतात. तुला जाऊन आठ वर्षं झाली. मी अजून त्याच संस्थेत आहे. तळ्यांत बाहेरून येऊन माजलेलं तण काढायचं, मूळचं गवत पुन्हा लावायचं.

तो उन्हाळा आठवतो. बेशरमची झुडपं उपटायला गावातल्या बाया आल्या होत्या, त्यांत तू. मी नुकतीच कामाला लागलेली, हातात वही. दोन दिवसांनी संस्थेचे पाहुणे येणार होते आणि मला तळं स्वच्छ दाखवायचं होतं. बेशरम संपली तशी मी कोपऱ्यातल्या उंच गवताकडे बोट दाखवलं, तेही काढा म्हणाले. तू घोट्याइतक्या पाण्यात उभी आहेस, लुगडं खोचलेलं. "मॅडम," तू म्हणालीस, आणि बाया खिदळल्या. "काऊन उपडायले सांगून राहिली? देवधान होय ते, रानातला भात. पाखरं अंडी घालतेत त्यात." मी तापले. सगळ्यांसमोर तुला अहो-जाहो केलं. "बाई, तुम्ही सांगितलेलं काम करा." तू त्या गवताच्या मधोमध जाऊन उभी राहिलीस. "मंग पयले मले उपड." आता कुणी हसलं नाही. मी ते गवत तसंच सोडून तळ्याच्या बांधावर निघून गेले.

पावसाळ्यात त्याच कोपऱ्यात पाणकोंबडीचं घरटं सापडलं. पुढे तिथलंच देवधान आम्ही दुसऱ्या तळ्यांत नेऊन लावलं. संस्थेची पुस्तिका मी लिहिली. तो कोपरा आम्ही विचारपूर्वक राखला, असं तिच्यात लिहिलं.

पुस्तिका घरी आणली तेव्हा तू तांदूळ निवडत होतीस. "माह्यं लिवलं का त्यात?" तुला वाचता येत नव्हतं. मी पान उघडलं आणि तुझ्याबद्दलचं एक वाक्य वाचलं. तुझा हात थांबला. "आखीन एकडाव वाच." मी पुन्हा वाचलं. तू माझ्याकडे पाहिलंस. "पयलं चांगलं होतं," म्हणालीस, आणि सूप पुढ्यात ओढलंस.

माय, ते वाक्य पुस्तिकेत नव्हतं, दोन्ही वेळा मी मनानेच रचलं. हे पत्र तुला पाठवता येत नाही. आलं असतं तरी वाचून दाखवायला मीच लागले असते. पुस्तिका यंदा नव्याने छापायची आहे. कालपासून ते वाक्य लिहायला बसले आहे. पहिल्यांदा मी काय वाचलं होतं, ते मला आठवत नाही.