पप्पांच्या पुढचा माईक

नगर,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. मार्क यास,
ताईचा प्रभूमध्ये सलाम. वि. वि. फोनवर बोलले की पप्पा भिंतीपलीकडून सगळं ऐकतात, म्हणून शाळेत बसून लिहिते आहे. उत्तरही शाळेच्याच पत्त्यावर धाड.

चर्चच्या नाताळ संगीतसभेचं रेकॉर्डिंग करायला तू येतोस, याचा सगळ्यांना आनंद आहे. ते ऐकूनच गोव्याच्या महोत्सवाला मी चालवते तो आपला ऑर्केस्ट्रा घ्यायचा की नाही हे ठरेल. अडचण एकच, पप्पा. साखरेनं त्यांची बोटं बधिर झाली आहेत, व्हायोलिनचा प्रत्येक सूर खाली पडतो, आणि पहिल्या रांगेतली खुर्ची काही सोडत नाहीत. त्यांच्यापुढे माईक ठेव, पण तार जोडू नकोस. तेही खूश, आपणही खूश.

मला निर्दय म्हणू नकोस. मी लहान असताना याच सभेत सगळ्या गायनवृंदासमोर त्यांनी मला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं.

तुझी ताई,
जास्मिन

पुणे,
२५ नोव्हेंबर

प्रिय ताई,
सलाम. तू अजून ते ओठ विसरली नाहीस तर.

तार न जोडून काही होणार नाही. ऑर्केस्ट्रा टिपतात ते तुझ्या डोक्यावर उंच लावलेले दोन माईक. माणसाच्या दोन कानांसारखे ते डावं-उजवं, जवळचं-लांबचं सगळं ऐकतात. वाद्यांपुढचे माईक फक्त मदतीला असतात, एखादं वाद्य दबलं तर वर काढायला. वर काढता येतं, खोडून टाकता येत नाही. आणि पप्पा बसतात नेमके त्या जोडीखाली.

तेव्हा त्यांना मागे ड्रमजवळ बसव, नाहीतर त्यांचं व्हायोलिन वाजणारच नाही असं काहीतरी कर. गंमत केली, रागावू नकोस.

तुझा,
मार्क

नगर,
२८ डिसेंबर

चि. मार्क,
सलाम. तू घाईनं पुण्याला पळालास, म्हणून हे लिहून कळवते. तुझी गंमत मी मनावर घेतली. सभेआधी वेदीजवळची मेणबत्ती पप्पांच्या व्हायोलिनच्या गजाच्या केसांवर चांगली घासली. केसांवर राळेऐवजी मेण असलं की गज तारांवरून नुसता घसरतो. बधिर बोटांना काही कळलं नाही. सगळा कार्यक्रम वाजवत होते आणि आवाज शून्य. ऑर्केस्ट्रापुढे छडी हातात घेऊन इतकी निवांत मी कधी उभी राहिले नव्हते.

टाळ्या पडल्या तेव्हा लवून नमस्कारही केला त्यांनी. देवळालीहून ड्रम वाजवायला येणारा हनुमंत त्यांना म्हणाला की मास्तर, औंदा लई ग्वाड वाजलं. मी मान हलवली. व्हायोलिन मीच पेटीत ठेवलं.

तुझीच,
जास्मिन

नगर,
१२ जानेवारी २०२५

चि. मार्क यास,
पप्पांचा सलाम व आशीर्वाद. वि. वि. एक काम आहे, जास्मिनला कळू देऊ नकोस.

सभेत मला सगळ्यांचं ऐकू आलं, माझंच व्हायोलिन तेवढं ऐकू आलं नाही. सावेडीच्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले कान उत्तम आहेत. मग हे डोक्यातलं असावं. तेव्हापासून पेटी उघडलेली नाही, भीती वाटते. जास्मिन म्हणाली, आता खुर्ची शेजारी वाजवणाऱ्या सुकन्याला द्या. दिली.

माझ्यापुढच्या माईकचं वेगळं काढून पाठव. मी वाजवत होतो एवढं समजलं तरी पुरे.

तुझा,
पप्पा

पुणे,
२० जानेवारी

ताई,
सलाम. पप्पांनी त्यांच्या माईकचं रेकॉर्डिंग मागितलं आहे. त्यांच्या माईकची तार मी जोडली होती. त्यावर गजाच्या केसांची खरखर आहे आणि त्यांचं पुटपुटत मात्रा मोजणं.

खरं सांगायचा धीर माझ्यात नाही, तुझ्यातही नसावा. शेजारी बसलेल्या सुकन्याच्या माईकचं त्यांच्या नावानं पाठवतो आहे. खूश होतील आणि विषय संपेल.

मार्क

नगर,
९ मार्च

चि. मार्क यास,
पप्पांचा सलाम. रेकॉर्डिंग ऐकलं. ते व्हायोलिन सुकन्याचं आहे. तिला गज धरायला मीच शिकवलं. प्रत्येक कडव्याआधी ती तो जरा जास्तच उचलते आणि सूर तुटलेला ऐकू येतो, ती खोड मला मोडता आली नाही.

मग पेटी उघडली. गजाला मेणाचा वास येत होता. माझ्या व्हायोलिनला माझ्याशिवाय एकच माणूस हात लावतो. मी तिला काही विचारलेलं नाही, तूही सांगू नकोस.

माझे सूर पडतात हे मला कळत नव्हतं, असं तुम्ही धरून चाललात. जन्मभर दुसऱ्यांचे सूर दुरुस्त केले, स्वतःचे ऐकू येणार नाहीत का? एक नाताळ आणखी हवा होता, बस. तोंडावर सांगितलं असतं तर उठलो असतो. त्याऐवजी मला माझ्याच कानांची भीती घातलीत. फार लागलं ते.

गजाला नवे केस बसवून आणले आहेत. उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेच्या उपासनेत मी एकटा वाजवणार आहे. पाळकसाहेबांनी पत्रिका छापली. नाताळचं रेकॉर्डिंग ऐकून गोव्याच्या महोत्सवाची मंडळी त्या दिवशी येणार आहेत, जास्मिननंच त्यांना बोलावलंय. तिनं त्यांच्याशेजारी पहिल्या रांगेत बसायचं, हातात छडी नाही. आपल्या बापाचा एकेक सूर पडताना तिनं ऐकायचा, आणि लोक ऐकताहेत हेही बघायचं. पत्रिका वाचून तिचा चेहरा उतरला. मी म्हणालो, काळजी करू नकोस, तुला ओठसुद्धा हलवायचे नाहीत.

तू यायचंस. एकच माईक लाव, माझ्यापुढे. तार नीट जोडलेली आहे का, ते या वेळी मी स्वतः बघेन.

लोभ उरला असेल तर ये, नसला तरी ये.

पप्पा