शाळा वाचवायची सभा

ताई,

आपली शाळा बंद करायचं घाटतंय. ती वाचवायला काल शाळेच्याच हॉलमध्ये सभा झाली. अख्खी वस्ती लोटली होती. वस्तीतले डॉक्टर तर बोलताना रडले.

मग शिक्षण खात्याच्या अधिकारीबाईंनी शांतपणे विचारलं, "तुमच्यापैकी कोणाची मुलं इथे शिकतात? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. ज्यांची शिकतात, ते आईबाप कामावर होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी इथली गणिताची बाई ना! पण तुझी भाची जाते खासगी शाळेत. माझे हात मांडीवरच राहिले.

आज वर्गात सोपं गणित घातलं. सगळे हात वर झाले. मला बघवेना गं.

हे तुला पाठवायचाही धीर नसलेली,
तुझी धाकटी