शामरावांनी दिलेले सहा महिने

मी, सौ. द्वारका राजन मेश्राम, वय ५६, रेल्वेत कारकून, राहणार विद्याधर नगर, जयपूर, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. यातील 'सौ.' शामरावांना खुपते, म्हणून ठळक लिहिले आहे. येत्या मंगळवारी माझे पित्ताशयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर किरकोळ म्हणतात. तरी कागद केलेला बरा.

१. शामराव म्हणजे माझे पहिले पती वसंतराव यांचे धाकटे भाऊ. २०१८ साली वसंतराव एचआयव्हीने गेले. तपासणीत मलाही तोच विषाणू निघाला. जलदानविधी आटोपताच शामराव दारातूनच म्हणाले, "वहिनी, तुमचे फार तर सहा महिने. घर प्रबुद्धच्या नावे करून टाका." प्रबुद्ध त्यांचा मुलगा. त्या दिवशी माझ्याच घरात मला चहा कागदी कपात मिळाला.

२. तेव्हा माझ्या एक मिलीलिटर रक्तात एक लाख ऐंशी हजार विषाणू होते. सरकारी केंद्रातून रोजची गोळी सुरू झाली. सहा महिन्यांनी रिपोर्टवर आकडाच नव्हता. विषाणू आढळला नाही, एवढेच. शामराव म्हणाले, "मशीन बिघडली असेल." त्यानंतरच्या सर्व रिपोर्टांच्या झेरॉक्स मी त्यांना देते. मशीन अजून बिघडलेलीच आहे.

३. २०२१ मध्ये राजन यांनी मला मागणी घातली. मी त्यांना डॉक्टरांपुढे नेले. डॉक्टर म्हणाले, गोळी न चुकवता विषाणू असाच दबलेला राहिला, तर संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. राजन म्हणाले, "मग तारीख धरू." मी दुसराही नवरा खाणार, असे शामरावांनी नागपूरपर्यंत कळवले. राजन दरवर्षी तपासणी करतात. निरोगी आहेत, फक्त घोरतात.

४. माझ्या नावावरील घर व बँकेतील ठेवी राजन यांना मिळाव्यात.

५. स्कूटर प्रबुद्धला. स्वतःच्या लग्नात त्याने मला हाताला धरून पंगतीत बसवले. "मोठी आई, इथेच बसा. बाबांचं, मतलब... सोडा ना." बापाचा मुलगा असून त्याला हे सुचले, याचे मला अजून नवल वाटते.

६. माझ्या शोकसभेत शामरावांनी बोलू नये. 'वहिनी आजाराशी झुंजल्या' असे ते नक्की म्हणतील. आजारासाठी रोज एक गोळी पुरली. झुंजावे लागले ते त्यांच्याशी.

सही: द्वारका राजन मेश्राम

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष मी सही केली:
कलावती बनसोडे, बस्सी (गोळ्यांच्या रांगेतली मैत्रीण)
अमेय पाटणकर, विद्याधर नगर (शेजारी)

जयपूर, ९ ऑक्टोबर २०२५