नाव न घेता

मआमीर, बहरैन
शुक्रवार, २१ जून १९८५

तीर्थरूप दादांना शंभूचा नमस्कार.

तुमचं पत्र ईदच्या आधीच पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण लिहायला बसायचो आणि उठायचो. मी मजेत आहे असं म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणतो. उन्हाने क्रेनचा दांडा हातात धरवत नाही. पलीकडच्या कारखान्याचा वास आता जेवतानाही जाणवत नाही, इतकी सवय झाली. आईचे गुडघे कसे आहेत? पाऊस लागला असेल, गोठ्यावर पत्रे घातलेत का?

तुम्ही निवडून आल्याची तार आली त्या दिवशी मी अख्ख्या कॅम्पला हलवा वाटला. आपल्याच राजापूरचा हमीद माझ्याच खोलीत राहतो. तो म्हणाला, "आता तू आमदाराचा भाव. चाय पण आम्हीच आणून द्यायची काय?" अपक्ष उभं राहून, अकरा मतांनी का होईना, दादाने भल्याभल्यांना पाणी पाजलं, हे मी दिसेल त्याला सांगत फिरत होतो. आमचा फोरमन केरळचा, त्याला विधानसभा कुठली आणि दादा कोण, पण त्यालाही सांगितलं.

तुमच्या पत्रात सगळ्यांची खुशाली आहे. म्हशीचीसुद्धा आहे. माझ्या मथुरेची नाही.

तुम्ही लिहिता, पडलेल्या उमेदवाराने हायकोर्टात दावा लावलाय, माझ्या नावावर दुसऱ्याच माणसाने मत दिलं म्हणतो. त्याच्या वकिलाचं पत्र आलं तर उत्तर देऊ नको, एका मताने काय होतं. दादा, अकरा मतांनी आलेल्या आमदाराने असं विचारू नये. वाडीतले निम्मे पुरुष आखातात आहेत आणि मतदान म्हणे झाडून सगळ्यांनी केलं.

खरं सांगतो, मताचं मला काही वाटलं नव्हतं. घरचं मत घरच्या माणसाला गेलं, एवढंच. पण हमीद गेल्या महिन्यात सुट्टीवरून परत आला आणि माझ्याशी नीट बोलेना. बायकोची आठवण येते काय, म्हणून मी चिडवलं. तेव्हा म्हणाला, "शंभू, हसू नको. माझी बिल्किस मताच्या लायनीत तुझ्या बायकोच्या पाठीच होती. तिनं सगळं बघितलान."

मग त्याने बायकोकडून ऐकलेलं सांगितलं. तुमच्या जीपचा ड्रायव्हर तुकाराम माझं नाव सांगून मत द्यायला उभा राहिला. अंगात मी इथून पाठवलेला शर्ट. समोरच्या पार्टीचा माणूस म्हणाला, हा शंभू नव्हे, शंभू बहरैनला आहे. मतदान केंद्रावरच्या साहेबाने विचारलं, याला ओळखणारं कोण आहे? तुम्ही मथुरेला रांगेतून पुढे बोलावलंत. साहेब म्हणाला, "बाई, हा तुझा नवरा?" तिने तुमच्याकडे पाहिलं आणि "होय" म्हणाली. "नाव सांग." ती खाली मान घालून उभी राहिली. तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, "साहेब, आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत." साहेबही हसला आणि तुकारामच्या बोटाला शाई लागली.

आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. तिने माझं नाव एकदाच घेतलंय, उखाण्यात, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. ती माझा मान ठेवते, आणि तुम्ही त्याचा असा उपयोग केलात. मला तुमचा राग येतो, दादा. आणि राग आला की बाबा गेल्यावर तुम्ही शाळा सोडून मला शिकवलंत ते आठवतं, मग स्वतःचाच राग येतो. महिनाभर माझं हेच चाललंय.

आता पुढच्या महिन्यात तिला मुंबईला कोर्टात उभं करून शपथेवर पुन्हा तेच वदवून घ्यायचं ठरलंय म्हणे. तिने बिल्किसकडे निरोप दिला होता, "एकदा बोलले ते मोठ्या भावजींच्या धाकाने. परत बोलणार नाही. आणि नाही बोलले तर या घरात मला कोण ठेवील? मी जायचं कुठे, ते त्यांनीच सांगावं."

तेव्हा मी सांगतो. तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला येईल, त्याला अडवू नका. पडलेल्या उमेदवाराच्या वकिलाला मी कळवलंय की मतदानाच्या दिवशी मी मआमीरमध्ये क्रेनवर होतो. त्यात तुमची आमदारकी गेली तर जाऊ दे. कोर्ट तिलाही बोल लावील, कदाचित शिक्षाही करील. तिने ते एकटीने सोसू नये, म्हणून मी येतोय. कंपनीने पासपोर्ट हातात दिला, पण परत कामावर घेऊ असं काही म्हटलं नाही. हमीद म्हणतो, "खलास, नोकरी गेली समज." मी तसंच समजून चाललोय.

तारखेला तुकारामलाही घेऊन या. जजसाहेब विचारतील, बाई, या दोघांतला तुझा नवरा कोण? तिला नाव घ्यावं लागणार नाही. मी समोर उभा असेन.

आईला नमस्कार सांगा. हे पत्र तिला वाचून दाखवू नका.

मथुरेचा नवरा,
शंभू