शहराची ओळख आणि माझं एक वाक्य

मंगळवार, १४ तारीख

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं मजेत. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पुढचं नीट बसून वाच. फोनवर तू कायम घाईत असतेस, आणि जे सांगायचंय ते फोनवर माझ्या तोंडून निघणार नाही.

आधी बातम्या. कापणी संपत आलीय. भुईकाट्यावर सकाळपासून धान्याच्या ट्रकांची रांग असते आणि मी आपली खोलीत बसून वजनाच्या पावत्या फाडते. वाचनालयाचं छप्पर एकदाचं दुरुस्त झालं. वर चढले होते फक्त पंपवाला आणि मुख्याध्यापक. खाली सल्ले द्यायला चाळीस जण! म्हणायला आपलं शहर, पण कुणाकडे पाहुणे आले हे त्यांनी चपला काढायच्या आत चार गल्ल्यांना कळतं.

म्हातारे डॉक्टर मुलाकडे राहायला गेले, ते तुला ठाऊकच आहे. दवाखान्याला तेव्हापासून कुलूप. म्हणून नगरपालिकेच्या चिटणीसबाईंनी माझ्यावर काम सोपवलं, की नव्या डॉक्टरांना पाठवायला शहराची ओळख लिहून द्या. मी दोन पानं लिहिली. वस्ती अकरा हजार, धान्याची चार कोठारं, दोन शाळा, पाण्याला तोटा नाही. ऐन कापणीत कुणाचं यंत्र बंद पडलं तर शेजारी आपलं शेत सोडून धावतात. सगळं खरं लिहिलं. मोठं हॉस्पिटल पंचावन्न किलोमीटरवर आहे, एवढं मात्र गाळलं.

नगरपालिकेच्या सभेत ते वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. मग बेकरीवाली म्हणाली, "अहो, बाहेरचे डॉक्टर कशाला शोधायचे? तुमची लेक आहे की! येईल ना ती?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "येणार आहे. पुढच्या महिन्यात."

चिमणे, इथला दवाखाना घेशील का विचारलं, तेव्हा तू मला स्पष्ट नाही म्हणाली होतीस. मला ते नीट कळलंही होतं. तरी बोलून बसले.

त्याला आता तीन आठवडे झाले. सुतारकाकांनी तपासणीचं टेबल नवं करून दिलं. रंगारी दोन दिवस आपलं काम बाजूला ठेवून दवाखान्याच्या भिंती रंगवून गेला. बेकरीवाली रोज विचारते, "डॉक्टरीणबाईंना गोड आवडतं की खारं?" मी हसून वेळ मारून नेते.

एवढंच असतं तर कसंबसं निभावलं असतं. पण काल चिटणीसबाई काट्यावर आल्या आणि सहज सांगून गेल्या, "एक डॉक्टर कुटुंबासह यायला तयार होते हो. कळवून टाकलं त्यांना, जागा भरली म्हणून."

त्या वेळी एका ट्रकचं वजन लिहीत होते, ते दोनदा चुकलं. ट्रकवाला म्हणाला, "काकू, बरं नाही का आज?" बावीस वर्षं या काट्यावर किलोभर खोटं लिहिलं नाही मी, आणि एका वाक्यात अख्ख्या शहराचा डॉक्टर घालवला.

असं का केलंस, म्हणून विचारशील. सांगते.

दोन महिन्यांपूर्वी सकाळी ट्रॅक्टर बाहेर काढताना बाबा कोसळले. तोंड वाकडं झालं. हॉस्पिटल गाठायला सव्वा तास गेला, त्यातली वीस मिनिटं रेल्वेच्या फाटकात. लवकर आणलं असतं तर हात वाचला असता, असं तिथले डॉक्टर म्हणाले. उजवा हात अजून उचलवत नाही. शर्टाची बटणं मी लावते. "पोरीला कळवायचं नाही" अशी त्यांनी शपथ घातली होती. तू फोन केलास की मी "शेतात गेलेत" म्हणायचे, आणि ते समोरच खुर्चीत बसलेले असायचे. शहराला सगळं माहीत आहे, चिमणे. फक्त तुला नाही. मीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

आता त्यांना परत काही झालं तर काय करू, याच भीतीने मी सभेत बोलून गेले. पण भीती काय माझ्या एकटीच्याच घरात आहे?

रविवारी दहा वाजता सभा आहे. मी उभी राहून खरं सांगणार. त्या डॉक्टरांनी दुसरीकडे होकार दिला नसेल तर त्यांना मीच पत्र लिहीन. दिला असेल तर काय, हे मनात आणवत नाही. लोक बोलतील, बोलू देत. तू मात्र या पत्रापायी तिथलं काम सोडून येऊ नकोस. तुझ्या नकाराचा मला राग आला होता, तो आता उरलेला नाही.

तुझ्यापासून दोन महिने लपवणारी,
तुझीच
आई

ता. क. हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पेन मागितलं. खालच्या ओळी त्यांनी डाव्या हाताने लिहिल्या आहेत, लावून वाच.

सभेत मी तिच्या शेजारी बसणार आहे. तू काळजी करू नको. पण बेटा, एकदा येऊन जा.